क्रियापद

वेंगुर्ल्याच्या कचेरीत मी तेव्हा कारकून,
नरसू शेणवी. दरसाल बारा होन, वर दोन खंडी भात.
मोडी येई, फारशी येई,
फिरंग्यांची भाषा बाजारापुरती,
वलंदेजांची शिव्यांपुरती.

वैशाखात वलंदेजांच्या वखारीतला सुतार
डोलकाठीवरून पडला आणि मेला.
तो दोमिनेच्या पंथाचा.
बायको शिवोलीची, इनासिना, ती पाद्रीच्या.
देव एक, पोथी एक, क्रूसही एकच,
तरी कुठल्या मातीत, कुठल्या मंत्राने,
यावर अख्खं बंदर दोन दिवस खोळंबलं.
मडं कोठीत, शिरोड्याच्या मिठात गळ्याइतकं.

हवालदार याकूत बेग विडा गालात ठेवून म्हणाले,
विजापूरचा हुकूम साधा आहे, शेणवी:
मिरी निघावी, दंगा नसावा.
बसवा दोघांना.

बसवले.
पाद्री गास्पारने आमसुलाचं पाणी मागून घेतलं,
दोमिने योरिसने तोंड फिरवलं.
दुपार उतरली तेव्हा कुठे कळलं
की मूळ भांडण मातीचं नाहीच, भाकरीचं आहे.
पूजेतली भाकर. पातळ, बेचव, नाण्याएवढी.
एक म्हणे, ती देह आहे.
दुसरा म्हणे, ती देहाची खूण आहे.
त्यांच्या मुलखात म्हणे एका बादशहाने
दोन्हीकडचे पंडित एका मेजाशी बसवले होते.
महिनोन्महिने जेवले,
आणि उठले याच एका शब्दावरून.

बेगसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं,
मी छताकडे.
आमच्या घरी नैवेद्याचं ताट ठेवतात,
पडदा ओढून सगळे बाहेर येतात.
आत देव जेवला का,
कोणी फटीतून पाहत नाही.
पडदा सारला की भात तेवढाच असतो.
तो कोणी मोजत नाही, वाढतात.

काढा कागद, बेगसाहेब म्हणाले,
ज्यावर दोघेही सही करतील असा.

मी बोरू बुडवला.
आमच्या भाषेत एक सोय आहे,
ती त्या दिवसापर्यंत मला सोय वाटली नव्हती.
लिहिलं: ही भाकर हा देह.
आहे नाही, होते नाही, जणू नाही.
मोडीत हात उचलावा लागत नाही,
दोन शब्दांत फट राहत नाही
की तिथून कोणी क्रियापद आत सारावं.

वाचून दाखवलं.
पाद्री हसला, त्याला त्याचं ऐकू आलं.
दोमिनेने मान हलवली, त्याला त्याचं.
सह्या झाल्या, वर वाळू टाकली.
संध्याकाळी वखारीच्या कुंपणाशी,
अर्धं आत अर्धं बाहेर,
सुताराला पुरलं. मीठ झटकायला कोणाला सुचलं नाही.

मग पाऊस, बंदर बंद,
कागद पेटीत सुखरूप.
नारळी पुनवेला नारळ पडला समुद्रात
आणि कागदाच्या दोन नकला निघाल्या,
एक गोव्याला, एक बताव्याला.
नकला त्यांच्या भाषेत.
त्यांच्या भाषेत वाक्य पांगळं,
क्रियापदाच्या काठीवाचून उभं राहत नाही.
दुभाष्यांनी दोन काठ्या दिल्या.
दिवाळीआधी पाद्रीला बोलावणं आलं,
तो पुन्हा दिसला नाही.
दोमिनेला पुढच्या वर्षी जहाजात घातलं.
बेगसाहेबांची बदली झाली, कशावरून कळलं नाही.
मिरी निघत राहिली.

इनासिना एकदा कचेरीत आली.
कागदात काय लिहिलंय ते वाच म्हणाली.
वाचलं. हवालदारांचे किताब,
पाद्रीचा मठ, दोमिनेची कंपनी,
साक्षीला चार वाणी, मग भाकर, मग देह.
ती थांबून राहिली.
आनी ताचें नांव? तें खंय?

मी कागद उलटा केला, सुलटा केला.
पाचशे अक्षरांत नव्हतं.

समासात लिहिलं मग, मोहोर नसताना,
ती सांगेल तसं, ती म्हणे तसं:
कोर्नेल.
बोरू प्रत्येक अक्षराला उचलून.